वास्तुविशारदांची संस्था : इतिहास आणि हिशेब

वास्तुविशारदांच्या संस्थेवर बोलायला कामगार संघटनेचा माणूस कशाला, ही शंका पुष्कळांच्या मनात आली असेल. शंका रास्त आहे. आम्ही कधी कोणत्या इमारतीचा नकाशा काढलेला नाही. आमचे शिक्षण शाळेने थोडे आणि युनियनच्या कचेरीतल्या कपाटाने व सार्वजनिक वाचनालयाने अधिक केले. परंतु संघटना ही वस्तू आम्ही तीस वर्षे हाताळीत आलो आहोत. चार माणसे एकत्र येतात, वर्गणी ठरते, घटना लिहिली जाते, आत कोण आणि बाहेर कोण याची रेघ ओढली जाते; त्यानंतर काय काय घडते ते आम्हांला जवळून ठाऊक आहे. ती माणसे पितळी पाटीची असोत की पाटी-घमेल्याची, रेघ ओढण्याची तऱ्हा फारशी बदलत नाही. म्हणून हा विषय आम्ही हौसेने घेतला.

आधी शब्दच पाहू. 'आर्किटेक्ट' हा मूळचा ग्रीक शब्द. त्याचा अर्थ मुख्य सुतार. आज दाराच्या काचेवर तो सोनेरी अक्षरांत लिहिणाऱ्या गृहस्थांना हे कितपत रुचेल कोण जाणे! आपल्याकडे कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या वड्ढकीचा, म्हणजे सुताराचा, लेख आहे. दाराचे काम आपले, एवढेच तो सांगतो. त्या काळी ह्या मंडळींच्या श्रेणी असत. नाशिकच्या लेण्यांतील उषवदाताच्या शिलालेखावरून दिसते की, गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणीकडे दोन हजार कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने ठेव म्हणून ठेवले होते. ज्या संस्थेकडे राजाचा जावई पैसा ठेवतो तिची पत केवढी असली पाहिजे! परंतु श्रेणीत हाताने काम करणारा आणि डोक्याने योजणारा असे दोन वर्ग नव्हते. मुख्य सुतार हा आधी सुतार असे. आमचा आजचा विषय त्या दोघांची फारकत झाल्यानंतर सुरू होतो.

ती फारकत इंग्लंडात कागदोपत्री पक्की झाली ते साल १८३४. हे साल आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांना वेगळ्याच कारणाने पाठ असते. त्या वर्षीच्या मार्चमध्ये डॉर्सेट परगण्यातील टॉलपडल गावच्या सहा शेतमजुरांना, संघ स्थापताना गुप्त शपथ घेतली एवढ्या अपराधासाठी, सात वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्याच वर्षी लंडनच्या बांधकाम कामगारांवर टाळेबंदी आली. तिची हकीकत गमतीची आहे आणि दुःखाचीही. एका दारूभट्टीच्या मालकांनी युनियनची माणसे कामावर ठेवायची नाहीत असे ठरविले. तेव्हा क्यूबिट ह्या मोठ्या बांधकाम कंत्राटदारांच्या कामगारांनी त्या भट्टीची बियर पिणे सोडले. क्यूबिट यांनी उलट फर्मान काढले की, आमच्या आवारात तीच बियर येईल, दुसरी नाही. बियरीवरून तंटा पेटला आणि लंडनच्या सगळ्या मालकांनी एकजुटीने दारे बंद केली. 'मी कोणत्याही संघाचा सभासद नाही व होणार नाही' असे लिहून देईल त्यालाच आत घेऊ, अशी अट पडली. बांधकाम कामगारांचा तो मोठा संघ ह्या फटक्यातून सावरला नाही.

आणि नेमक्या त्याच १८३४ साली, त्याच लंडन शहरात, 'इन्स्टिट्यूट ऑफ ब्रिटिश आर्किटेक्ट्स' ही संस्था स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष अर्ल डी ग्रे, म्हणजे उमराव. थॉमस लेव्हर्टन डोनाल्डसन हे चिटणीस. तीनच वर्षांत, १८३७ मध्ये, तिला राजाची सनद मिळाली आणि १८६६ मध्ये नावामागे 'रॉयल' लागले. गवंड्याने एकत्र यावे तर कट, आणि नकाशा काढणाराने एकत्र यावे तर सनद! तथापि एवढे म्हणून थांबणे योग्य होणार नाही. कारण त्या संस्थेने पहिल्यापासून स्वतःवर जे बंधन घालून घेतले ते आम्हांला मोलाचे वाटते. त्या काळी घर बांधवून घेणाराची भयंकर फसवणूक होई. नकाशा काढणारा, विटा विकणारा, मोजमाप करणारा आणि कंत्राट घेणारा हा पुष्कळदा एकच इसम असे, आणि त्याचे मोजमाप कोणाच्या बाजूने झुके हे सांगायला नको. संस्थेने ठरविले की, ज्याचा बांधकामाच्या धंद्यात वा मालाच्या विक्रीत पैशाचा संबंध आहे तो आमचा सभासद होऊ शकत नाही. कंत्राटदारासाठी मोजमापे घेऊन पैसे करणाराही नाही. वास्तुविशारदाने मेहनताना घ्यावयाचा तो फक्त घर बांधवून घेणाराकडून. ह्या एका नियमावर पुढची सगळी प्रतिष्ठा उभी राहिली.

मेहनताना किती? १८६२ मध्ये संस्थेने आपला दर छापला : बांधकामाच्या खर्चाच्या शेकडा पाच. आमच्या भाषेत ह्याला किमान दराचा करार म्हणतात, आणि एकाने दुसऱ्याखाली दर पाडू नये ही शिकवण आम्ही नाक्यावरच्या मजुरालाही देतो. फरक एवढाच की, आमचा मजूर दर ठरवतो तेव्हा महागाई वाढविल्याचा आरोप त्याच्यावर येतो, आणि येथे त्याला धंद्याची शिस्त म्हणतात. शेकड्याच्या हिशेबात आणखी एक मौज आहे. खर्च जितका वाढेल तितकी फी वाढते. म्हणजे गवंड्याचा रोज वाढला की त्याबरोबर वास्तुविशारदाचाही वाढतो. एवढ्यापुरते दोघांचे हितसंबंध एक आहेत असे म्हणायला हरकत नाही; पण ह्या कारणासाठी कोणी वास्तुविशारद गवंड्यांच्या मोर्चात आलेला आम्ही पाहिला नाही.

इंग्लंडचा बाकीचा इतिहास थोडक्यात आटोपतो. १८४७ मध्ये तेथील उमेदवारांनी आणि कचेऱ्यांतल्या तरुणांनी आपली स्वतंत्र 'आर्किटेक्चरल असोसिएशन' काढली, कारण वडिलधाऱ्यांच्या संस्थेत त्यांना शिक्षण मिळेना. १८९१ मध्ये नॉर्मन शॉ, टी. जी. जॅक्सन वगैरे नामांकितांनीच बंड केले. वास्तुकला ही कला आहे, तिला परीक्षा आणि नोंदणी यांच्या दावणीला बांधू नका, असे त्यांचे म्हणणे. ते हरले म्हणायचे. १९३१ मध्ये तेथे नोंदणीचा कायदा आला आणि १९३८ च्या कायद्याने 'आर्किटेक्ट' हे नाव नोंदणी झालेल्यांपुरते राखले गेले. आम्हांला ह्या सगळ्यात महत्त्वाचे वाटते ते १९१९ साल. त्या वर्षी पगारावर राबणाऱ्या सहायकांनी आणि मोजणीदारांनी लंडनमध्ये आपली युनियन काढली. पुढे १९४२ मध्ये तिचे बांधकाम तंत्रज्ञांच्या संघात रूपांतर झाले. वास्तुविशारदांच्या कचेरीत मालक आणि नोकर असे दोन पक्ष असतात ही गोष्ट त्यांनी उघड बोलून दाखविली. ती आपण पुढे पुन्हा पाहणार आहोत.

आता मुंबईकडे येऊ. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत ज्या इमारती उठल्या त्यांच्याबरोबर आपण साहेबांची नावे घेतो, आणि ते वावगे नाही. परंतु कागदावरची इमारत जमिनीवर आणणारी एतद्देशीय माणसे कमी नव्हती. मुंचरजी कावसजी मर्झबान हे सरकारी बांधकाम खात्यातून वर चढत मुंबई नगरपालिकेचे कार्यकारी अभियंता झाले. १९०३ मध्ये उघडलेल्या ताजमहाल हॉटेलचे काम रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांनी हाती घेतले आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी ते पुरे केले. गेटवे ऑफ इंडियाच्या बांधकामावर अभियंता म्हणून रावबहादूर यशवंतराव हरिश्चंद्र देसाई होते. ह्यांपैकी पुष्कळांना लोक ओव्हरसियर किंवा इंजिनिअर म्हणत. 'आर्किटेक्ट' हे बिरुद मात्र विलायतेहून येई.

सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळा १८५७ मध्ये निघाली. तिच्यात १८९६ मध्ये एक वर्ग सुरू झाला, आणि त्याचे नाव ध्यानात ठेवण्यासारखे आहे : ड्राफ्ट्समनांचा वर्ग. वास्तुविशारद घडविणे हा त्याचा हेतू नव्हता. साहेबांच्या कचेरीत नकाशे उतरवून काढणारे, मोजून मापून रेघा मारणारे हात हवे होते; ते पुरविण्यासाठी हा वर्ग. गिरणीला जसा जॉबर आणि रेल्वेला जसा फायरमन, तसा कचेरीला ड्राफ्ट्समन. त्याच १८९६ साली मुंबईत प्लेग आला, १८९८ मध्ये शहरसुधारणेसाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, नवे रस्ते आणि नव्या वसाहती आखल्या जाऊ लागल्या, आणि आखणाऱ्या हातांची मागणी वाढली. सरकारी वास्तुविशारद जॉन बेग यांनी त्या वर्गात लक्ष घातले. १९०८ मध्ये रॉबर्ट केबल यांच्या हाताखाली चार वर्षांचा रीतसर अभ्यासक्रम सुरू झाला. हात तयार करण्यासाठी काढलेल्या वर्गातून डोकी बाहेर पडू लागली. हे असेच होते. साहेबाने हिशेबनीस हवा म्हणून इंग्रजी शिकविले आणि त्याला टिळक-गोखले मिळाले.

ह्या माजी विद्यार्थ्यांनी १२ मे १९१७ रोजी एक संस्था काढली. नाव साधे : 'आर्किटेक्चरल स्टुडंट्स असोसिएशन'. अध्यक्ष जॉर्ज विटेट. ते त्या वेळी मुंबई सरकारचे सल्लागार वास्तुविशारद होते; प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, आणि गेटवे ऑफ इंडिया ही त्यांची कामे. विटेट हे स्कॉटलंडचे; १९२६ मध्ये मुंबईतच वारले आणि शिवडीच्या दफनभूमीत विसावले. सरकारी अधिकारी अध्यक्ष आणि शिकून बाहेर पडलेली मुले सभासद, अशा संस्थेत बंडाची भाषा होणार नव्हती. पण ह्या मुलांनी स्वतःला 'विद्यार्थी' म्हणवले, 'ड्राफ्ट्समन' म्हणवले नाही, एवढ्यात पुष्कळ काही आले असे आम्ही समजतो. वर्गाचे नाव त्यांनी झुगारले. संघटनेचे पहिले काम बहुधा हेच असते. आपण कोण, हे दुसऱ्याने न सांगता आपण सांगायचे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या तेव्हाही पहिली मागणी रविवारच्या सुटीची होती, आम्ही यंत्र नव्हे माणसे आहोत हे ठरवून घेण्याची.

पुढची पावले झपाट्याने पडली. १९२२ मध्ये संस्था 'बॉम्बे आर्किटेक्चरल असोसिएशन' झाली. १९२५ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूटशी ती संलग्न झाली. २ सप्टेंबर १९२९ रोजी तिने 'इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स' हे नाव घेतले. तेव्हा सगळे मिळून सभासद १५८. त्या वर्षीच्या मुंबईचे चित्र डोळ्यांपुढे आणावे : आदल्या वर्षी गिरणी कामगारांचा सहा महिन्यांचा संप होऊन गेलेला, मार्चमध्ये मीरत खटल्यासाठी पुढाऱ्यांची धरपकड झालेली, गिरणगाव धुमसत असलेले. फोर्टात १५८ माणसांनी एका संस्थेचे नाव बदलले ही बातमी गिरणगावात कोणाच्या कानावरही गेली नसेल. पण त्या नावात 'बॉम्बे'च्या जागी 'इंडियन' आले, ही गोष्ट आम्ही क्षुल्लक मानीत नाही.

ह्या काळात क्लॉड बॅटले यांचे नाव वगळून चालणार नाही. १९१३ मध्ये ते मुंबईस आले, १९२३ पासून वीस वर्षे कलाशाळेत वास्तुकलेचे प्रमुख होते, संस्थेचेही अध्यक्ष झाले, आणि १९५६ मध्ये येथेच वारले. मुंबई सेंट्रल स्थानक त्यांचे. ते विद्यार्थ्यांना गावोगाव पाठवीत आणि जुनी देवळे, वाडे, घरे टेप लावून मोजायला लावीत. त्या मोजणीतून १९३४ मध्ये भारतीय वास्तुरचनेच्या नकाशांचा त्यांचा मोठा ग्रंथ झाला. आपल्या मुलांना आपला वाडा मोजायला विलायतेच्या माणसाने लावावे ह्यात हसावे की रडावे, हे ज्याचे त्याने ठरवावे. काम मात्र चोख झाले. त्याच १९३४ मध्ये संस्थेचे नियतकालिक सुरू झाले.

१९३७ च्या नोव्हेंबरात संस्थेने टाउन हॉलमध्ये 'आदर्श घर' प्रदर्शन भरविले. बारा दिवसांत लाखाच्या घरात माणसे पाहून गेली म्हणतात. स्वयंपाकघर कसे असावे, न्हाणीघर कसे, दिवाणखान्यात उजेड कसा यावा, हे लोकांनी रांगा लावून पाहिले. तेव्हा दादर-माटुंग्याकडे ब्लॉकची घरे उठत होती आणि ओव्हल मैदानाच्या कडेला व मरीन ड्राइव्हवर गोलाईदार सज्ज्यांच्या इमारती उभ्या राहत होत्या. कलाशाळेत शिकून विलायतेला जाऊन आलेले गजानन बाबुराव म्हात्रे यांच्या सूना महाल आणि एम्प्रेस कोर्ट ह्या इमारती त्यांतल्याच. त्या भागाला २०१८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात स्थान दिले. ड्राफ्ट्समनांच्या वर्गाच्या परंपरेतून आलेल्या पिढीने चाळीस वर्षांत ही मजल मारली, ह्याचा आम्हांला अभिमान वाटतो, आणि तो आम्ही लपवीत नाही. पेरीन मिस्त्री ह्या १९३६ मध्ये कलाशाळेची पदविका घेऊन ह्या धंद्यात आलेल्या पहिल्या बाई. तीही ह्याच काळातील गोष्ट.

पण त्याच शहरात त्याच काळात दुसरीही घरे उभी राहिली होती. १९२० मध्ये गव्हर्नर लॉइड यांच्या कारकिर्दीत सरकारी विकास खाते निघाले. कामगारांसाठी ५० हजार खोल्या बांधण्याचा संकल्प सुटला. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी झाल्या, खोल्या १६ हजारांच्या आसपास. खोली १६० चौरस फुटांची, सामाईक नळ, सामाईक संडास. सुरुवातीला भाडे परवडेना आणि त्या सिमेंटच्या पेटीत जीव रमेना म्हणून कामगार तेथे जायला तयार नव्हते. १९३० च्या सत्याग्रहात वरळीच्या चाळींचा तात्पुरता तुरुंगही करण्यात आला. नंतर मात्र माणसांनी त्या तुरुंगाचे घर केले. व्यायामशाळा, भजनी मंडळे, युनियनच्या सभा, सगळे तेथे वाढले. ह्या चाळींचे अपश्रेय संस्थेच्या खात्यावर मांडता येत नाही, ते सरकारी इंजिनिअरांचे काम होते. परंतु 'आदर्श घर' पाहायला गेलेल्यांत १६० चौरस फुटांचे भाडेकरू किती असतील, आणि गेलेच असले तर त्यांना तेथून घरी काय नेता आले असेल, हा विचार आम्हांला सुटत नाही. प्रदर्शन भरविणाऱ्यांकडे ह्या प्रश्नाला उत्तर नव्हते, कारण त्यांच्या धंद्यात घर मागणारा तो ज्याच्यापाशी फी द्यायला पैसे आहेत. फी देऊ न शकणाऱ्याचा वास्तुविशारद कोण, हे शंभर वर्षांत ठरलेले नाही. पुढे चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये खाडीपलीकडे नवे शहर वसवावे अशी योजना मांडली ती ह्याच प्रश्नाला भिडण्यासाठी. पण तिची कथा निराळी आणि लांबलचक आहे.

संस्थेच्या कामांपैकी सामान्य वाचकाला कधी न दिसणारे, पण आमच्या मते सर्वांत परिणामकारक, म्हणजे तिने घालून दिलेला बांधकामाचा करारनामा. खाजगी बांधकामांत तो फार चालतो. त्यात पक्ष दोन : मालक आणि कंत्राटदार. मधोमध वास्तुविशारद. काम किती झाले, कसे झाले हे पाहून तो दाखला देतो, आणि दाखल्याशिवाय मालक पैसा सोडत नाही. मालकानेच फी द्यायची आणि तरी मालक-कंत्राटदारांत निःपक्षपाती राहायचे, अशी ही नाजूक जागा आहे. १८३४ चा तो नियम येथे कसाला लागतो, आणि सचोटीची माणसे तो पाळतात हे आम्ही पाहिले आहे. आमची तक्रार निराळी. एका बांधकामावर कंत्राटदाराने तीन आठवड्यांचा रोज थकवला. मजूर आमच्याकडे आले. कंत्राटदार म्हणाला, बिल अडकले आहे. मालक म्हणाला, दाखला आलेला नाही. आम्ही वास्तुविशारदाच्या कचेरीत गेलो. गृहस्थ सभ्य होते, चहा मागविला, आणि म्हणाले : भिंत ओळंब्यात नाही, पाडून पुन्हा बांधल्याखेरीज मी सही करणार नाही. त्यांचे खरे होते, आम्ही स्वतः ओळंबा लावून पाहिला. परंतु ज्यांनी ती भिंत कंत्राटदाराच्या घाईपायी वाकडी रचली आणि ज्यांनी नुसती घमेली वाहिली, त्या सगळ्यांच्या चुली त्या सहीवर अडल्या होत्या आणि करारनाम्यात त्यांचे नाव कोठेच नव्हते. शेवटी मालकाला गाठून मजुरीपुरती उचल सोडवून घ्यावी लागली.

स्वातंत्र्यानंतर संस्थेचे लक्ष एका गोष्टीवर खिळले, ती म्हणजे कायदा. डॉक्टरला, वकिलाला कायद्याचे संरक्षण; वास्तुविशारद म्हणून मात्र कोणीही पाटी लावावी, हे त्यांना सलत होते. १९६८ मध्ये विधेयक आले. स्वतः वास्तुविशारद असलेले खासदार पिलू मोदी यांनी ते पार पडावे म्हणून बरीच खटपट केली. १९७२ मध्ये वास्तुविशारद अधिनियम झाला आणि १ सप्टेंबर १९७२ पासून अमलात आला. 'कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर' ही वैधानिक परिषद निघाली. शिक्षणाचा दर्जा, नोंदणी आणि वर्तणुकीचे नियम हे तिचे काम. तिच्यावर पाच सभासद निवडून देण्याचा हक्क इंडियन इन्स्टिट्यूटला मिळाला. एका खाजगी संस्थेच्या मतपेटीला कायद्यात जागा मिळावी, हा मान आमच्या फार थोड्या युनियनांच्या वाट्याला आला आहे.

परंतु ह्या कायद्याने नेमके दिले काय? विधेयकाच्या हेतुकथनातच म्हटले होते की, हा कायदा नावाचे रक्षण करतो. इमारत योजण्याचा मक्ता वास्तुविशारदाला देत नाही. इंजिनिअरने आपले काम खुशाल करावे, स्वतःला आर्किटेक्ट म्हणवू नये म्हणजे झाले. तरीही चाळीसेक वर्षे वाद चालू राहिला. १७ मार्च २०२० रोजी नोएडा प्राधिकरणातील पदांच्या नावांवरून आलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला : कलम ३७ ने बंदी आहे ती नाव लावण्यास, काम करण्यास नव्हे, मात्र नोंदणी नसलेल्या माणसाला सरकारी संस्थेनेही 'आर्किटेक्ट' असे पदनाम देऊ नये. म्हणजे ग्रीकांचा तो शब्द तेवढा कुलुपात गेला. योगायोग असा की, १९७२ मध्येच अमेरिकेत तेथील वास्तुविशारदांच्या संस्थेला, दर पाडून स्पर्धा करू नये हा तिचा नियम सरकारच्या मक्तेदारीविरोधी दाव्यामुळे सोडून द्यावा लागला, आणि १९९० मध्ये तशीच लेखी कबुली पुन्हा द्यावी लागली. एका देशात सरकार धंद्याला कुंपण घालून देत होते, दुसऱ्यात कुंपण उपटीत होते.

आपल्या परिषदेने १९८९ मध्ये वर्तणुकीचे नियम केले. त्यांत जाहिरातबाजीला मज्जाव आहे, आणि दुसऱ्या वास्तुविशारदाला हुसकून त्याचे काम घेऊ नये असेही आहे. हे वाचताना आम्हांला हसू आले. आमच्यात ह्याच अपराधाला संपफोड्या म्हणतात. शब्द थोडा खडबडीत आहे, पण नियम एकच.

संस्थेची पदके आहेत, तीही सांगितली पाहिजेत. बाबुराव म्हात्रे यांच्या नावाचे सुवर्णपदक थोर कामगिरीसाठी, आणि माधव आचवल यांच्या नावाचे अध्यापनासाठी. 'किमया' लिहिणारे आचवल मराठी वाचकांना साहित्यिक म्हणून ठाऊक. बडोद्यास ते वास्तुकला शिकवीत. एका मराठी लेखकाचे नाव इंजिनिअर-कंत्राटदारांच्या गर्दीतल्या ह्या संस्थेने जपावे, ही तिची शोभा आहे.

आता जे उरते ते पगारदारांचे. आज नोंदणी झालेले वास्तुविशारद लाखाच्या वर आहेत. त्यांतील किती स्वतःच्या कचेरीचे धनी आणि किती दुसऱ्याच्या कचेरीत रात्री दहापर्यंत बसणारे, हे कोणत्याही कचेरीत संध्याकाळी डोकावून पाहणाराला सांगायला नको. शिवाय त्यांच्याखाली नोंदणीही नसलेले ड्राफ्ट्समन. नव्वदीच्या दशकात टी-स्क्वेअर आणि ट्रेसिंग कागद जाऊन संगणक आला, तेव्हा ट्रेसर नावाची जातच नाहीशी झाली. वीस-वीस वर्षे रेघ मारलेली माणसे, अमोनियाच्या वासाने डोळे लाल झालेली, आमच्या कचेरीत येऊन बसत. आम्ही त्यांची युनियन बांधण्याचा प्रयत्न केला. अडचण अशी होती की, एका कचेरीत चार, दुसरीत सहा, आणि प्रत्येकाला वाटे की आपण कामगार नव्हे, आपण 'ऑफिस'वाले. त्यांतला सर्वांत हुशार गडी बैठकीत म्हणाला, "साहेबांनी मला मुलासारखं वागवलं, मी त्यांच्याविरुद्ध सही कशी करू?" सहा महिन्यांनी त्याच साहेबांनी त्याला हिशेब देऊन घरी पाठविले. युनियन झाली नाही. लंडनच्या सहायकांना १९१९ मध्ये जे जमले ते आमच्याकडे अजून जमलेले नाही, आणि वास्तुविशारदांच्या संस्थेनेही ते आपले काम मानलेले नाही. तिच्या मतपेटीत कचेरीचा धनी आणि त्याचा सहायक शेजारी शेजारी मत टाकतात. पगार आणि तास यांचा विषय तेथे निघायचा तर तो कोणी काढायचा?

बांधकाम मजुरांच्या बाबतीत मात्र कायद्याने एक दार किलकिले केले. १९९६ मध्ये बांधकाम कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि खर्चावर उपकर बसवून त्यांच्या कल्याणासाठी निधी उभारण्याची सोय झाली. त्याखालील १९९८ च्या केंद्रीय नियमांत वास्तुविशारदाची जबाबदारी म्हणून एक नियम घातला गेला : नकाशा आखतानाच, इमारत बांधणाऱ्या मजुरांच्या सुरक्षिततेचा आणि आरोग्याचा विचार झाला पाहिजे. करारनाम्यात ज्याचे नाव नव्हते त्याचा उल्लेख अशा रीतीने वास्तुविशारदाच्या कर्तव्यांत आला. आम्ही तो नियम मराठीत उतरवून घेतला, पानभर छापला, आणि आमचे कार्यकर्ते साइटवर जाताना तो कागद खिशात ठेवू लागले. काही वास्तुविशारदांनी तो आमच्या हातातून घेऊन वाचला आणि परातीची बांधणी, जिन्याचे कठडे, लिफ्टच्या मोकळ्या खड्ड्यावरचे फळकूट ह्या गोष्टी आपल्या नकाशावर लाल शाईने लिहिल्या. काहींनी तो कंत्राटदाराकडे पाठवून दिला.